रियाल, हाली सिक्का आणि आजीचं गाडगं

नाणी जमवणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी फसायलाच हवं, असं या छंदातले जुनेजाणते सांगतात. मी साडेचार हजाराला फसलो. म्हणजे तसा स्वस्तातच सुटलो म्हणायचं.

झालं असं, की मला एक स्पॅनिश रियाल हवा होता. का हवा होता, त्याला कारण आमचा धंदा. शेल स्क्रिप्ट लिहिताना प्रत्येक व्हेरिएबलच्या आधी जे डॉलरचं चिन्ह टाकतो ना, ते आलं कुठून, हा प्रश्न एका रात्री डिप्लॉयमेंट अडकलेलं असताना डोक्यात आला. (डिप्लॉयमेंट अडकलं की माणसाला असले प्रश्न पडतात.) शोधलं, तर बहुतेक अभ्यासकांच्या मते ते 'पेसो'च्या पी आणि एस या अक्षरांची एकमेकांत मिसळ होऊन झालेलं. आणि पेसो म्हणजे स्पेनच्या राजाचं आठ रियालांचं चांदीचं नाणं. मेक्सिको आणि पेरूकडच्या टांकसाळींत पाडलेलं, जवळपास अडीच तोळ्यांचं, दणकट. हे नाणं इतकं जगभर चालायचं की खुद्द अमेरिकेत १८५७ पर्यंत त्याला कायदेशीर मान्यता होती. अमेरिकन डॉलर हे त्याचंच धाकटं भावंड. चीनमध्ये तर सराफ लोक तपासून झालं की त्यावर स्वतःचा छाप ठोकायचे. अशी छापांनी भरलेली नाणी अजून मिळतात.

झालं. त्यानंतरचे तीन-चार वीकेंड त्याच्यातच गेले. मग एका नाण्यांच्या प्रदर्शनात मला ते दिसलं. एका बाजूला राजा तिसरा कार्लोस, डोक्यावर रोमन बादशहासारखी पानांची माळ. दुसऱ्या बाजूला ढाल, आजूबाजूला हर्क्युलिसचे दोन खांब आणि त्यावरच्या फितीवर 'प्लुस अल्ट्रा', म्हणजे 'याच्याही पलीकडे'. कडेने लिहिलेलं 'हिस्पान एट इंड रेक्स'. स्पेनचा आणि इंडीजचा राजा! त्यातलं 'इंड' वाचून मला उगाचच आपलेपणा वाटला. वास्तविक ते इंडीज म्हणजे कोलंबसाने चुकून हिंदुस्थान समजलेली अमेरिका. वर्ष १७६५. पैसे मोजले, नाणं खिशात घातलं आणि दिवाळीला गावी गेलो.

आमचं गाव धारूर तालुक्यात. जिल्हा बीड. गावाकडे कौतुक करणारं कोण, तर धारूरच्या पेठेतले आमचे सोनारकाका. तीन पिढ्यांचा घरोबा. मोठ्या ऐटीत नाणं काढून त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी ते उचललंसुद्धा नाही नीट. दोन बोटांत धरून फरशीवर टाकलं. 'टक्क' असा आवाज आला.

"ही चांदी न्हाई, दादा."

मी म्हटलं, काका, अडीचशे वर्षांपूर्वीचं नाणं आहे ते. काका म्हणाले, "अडीचशे वर्षांचं आसल, पर चांदीचं न्हाई." मग त्यांनी ड्रॉवरमधून एक जुना रुपया काढला आणि तो टाकला. तो खणखणला. 'खणखणीत नाणं' हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो, भाषणांसाठी वापरतो, पण तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला.

इंजिनिअर माणूस कानावर विश्वास ठेवत नाही. घरी आल्यावर आर्किमिडीज काढला. अचूक वजनाचा छोटा काटा, त्यावर पाण्याचा ग्लास, त्यात दोऱ्याने टांगलेलं नाणं. हवेत वजन २४.६ ग्रॅम. असायला हवं २७ च्या आसपास. घनता आली ८.६. चांदीची असते १०.५ च्या जवळ. रात्री शेवटचा खिळा मी स्वतःच ठोकला. मेक्सिकोच्या आठ रियालांवर राजाचा चेहरा आला तोच मुळी १७७२ मध्ये. त्याआधीच्या नाण्यांवर दोन खांबांच्या मध्ये, समुद्राच्या लाटांवर, पृथ्वीचे दोन गोल असायचे. १७६५ सालात चेहरेवालं नाणं असूच शकत नाही. नकली बनवणाऱ्याने राजाची कारकीर्द बघितली (कार्लोस १७५९ ला गादीवर आला, म्हणजे साल 'बरोबर'), पण डिझाईनचं व्हर्जन बघितलं नाही. टेस्टिंगमध्ये मी कुणाच्या तरी कोडमध्ये हीच चूक रोज काढतो. स्वतःचे पैसे देताना काढली नाही. असो.

हे सगळं चालू असताना आजी ओट्यावर बसून बघत होती. नाणं पाण्यात का बुडवतोय, हे तिने आधी दोनदा विचारलं होतं. तिला सांगितलं, की आजी, हे चांदीचं म्हणून घेतलं होतं. ती म्हणाली, "मग इतक्या लांबचं कामून घ्यायचं? घरातलं बघितलंस का कधी?"

आणि तिने अण्णांना माळ्यावरून गाडगं काढायला सांगितलं.

हे गाडगं पूर्वी उतरंडीत सगळ्यात खाली असायचं. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. वरच्यात डाळी, खालच्यात बियाणं, आणि तळातल्यात बाईमाणसाची बँक. त्यात अकरा रुपये निघाले, फडक्यात बांधलेले. तीन कलदार, म्हणजे इंग्रजांचे, पाचव्या जॉर्जचे. सात हाली. आणि एक झिजून गुळगुळीत झालेला, ज्याच्यावर काही वाचताच येईना.

पुण्यातल्या मित्रांना 'हाली सिक्का' सांगितलं की त्यांना हालअपेष्टा आठवतात. तेव्हा थोडं सांगतो. हाली म्हणजे सध्याचा, चालू. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामाचं नाणं वेगळं होतं. मध्ये चारमिनार, आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत एक छोटंसं उर्दू अक्षर: 'ऐन'. ऐन म्हणजे उस्मान अली खान, सातवा निजाम. त्याच्या आधीच्या महबूब अली खानाच्या नाण्यांवर त्याच जागी 'मीम' असतो. एवढ्याशा दारात राजाची सही! मला तर ते कार्लोसच्या अख्ख्या तोंडापेक्षा जास्त आवडलं. ते भिंगातून दाखवल्यावर आजीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते अक्षर बघितलं आणि म्हणाली, "आम्ही नुसतं चारमिनारच बघायचो."

मग मी तिला विचारलं, की हाली आणि कलदारमध्ये फरक काय होता? तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "सात हालीचे सहा कलदार."

आता इथे माझ्यातला इंजिनिअर उठून बसला. कॅटलॉगमध्ये बघितलं. चारमिनारच्या रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के. म्हणजे निव्वळ चांदी ९.१५ ग्रॅम. सातांची ६४.०. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, निव्वळ १०.६९. सहांची ६४.१. एक्सेलच्या सेलमध्ये ते दोन आकडे खाली-वर आले तेव्हा मी खरंच मोठ्याने 'अरे!' म्हणालो. शाळेत न गेलेल्या बाईला तोंडपाठ असलेला हिशेब मिश्रधातूच्या दशांशापर्यंत बरोबर होता. अर्थात हा हिशेब तिने लावलेला नव्हता, बाजाराने आणि सरकारांनी लावलेला होता. पण तो डोक्यात घेऊन आठवडी बाजारात जाणारी ती होती. आपल्याकडे सराफ, पोतदार, टंकसाळे ही आडनावं उगाच नाहीत. पोतदार म्हणजे मुळात नाणं पारखून घेणारा माणूस. इतक्या तऱ्हेची नाणी चालायची की पारखणं हा सरकारी हुद्दाच होता.

आणि मग त्या रात्री मला खरा प्रश्न पडला. जो खरं तर नकली नाणं घेण्याआधी पडायला हवा होता. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच जहाजं हिंदुस्थानात येताना पोटात मुख्यतः चांदी घेऊन यायची. त्यांच्या मालात आपल्याला फारसा रस नव्हता. आपलं कापड, मिरी, नीळ त्यांना हवी होती आणि ती रोख पैसे टाकूनच मिळायची. ती चांदी बरीचशी या आठ रियालांच्या रूपात होती. वखारींच्या हिशेबांत 'रियल्स ऑफ एट' सतत भेटतात. सुरतेला ती उतरायची. मग एवढी नाणी आली, तर ती गेली कुठे? आपल्याकडे जमिनीत मोहरा सापडतात, होन सापडतात, शिवराया तर ढिगाने. रियाल का नाही?

उत्तर सोपं आहे. वितळवली.

मुघलांच्या राज्यात परकीय नाणं बाजारात चालायचं नाही. चालायचा तो बादशहाच्या नावाचा रुपया. पण टांकसाळ मात्र सगळ्यांना खुली. कुणीही चांदी घेऊन यावं, मजुरी आणि सरकारी शुल्क द्यावं, आणि रुपये पाडून घ्यावेत. सराफ रियाल घ्यायचे, पारखायचे, बट्टा कापायचे आणि मुशीत टाकायचे. त्या काळच्या चांगल्या रियालात साडेपंचवीस ग्रॅम निव्वळ चांदी, आणि मुघल रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर, जवळजवळ शुद्ध. टांकसाळीचा खर्च जाऊन एका रियालाचे दोन रुपये आणि वर थोडे आणे. हिंदुस्थानात चांदीच्या म्हणाव्या अशा खाणी नव्हत्याच. तेव्हा रुपयातली चांदी बाहेरूनच आलेली, आणि त्या काळी जगातली सगळ्यात मोठी खाण होती आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या डोंगरात.

हे कळल्यावर आणखी एक गोष्ट सापडली आणि मी उडालोच. १६३१ मध्ये मुघलांनी निजामशाहीकडून धारूरचा किल्ला घेतला आणि त्याला नाव दिलं फतेहाबाद. मुघल रुपयांच्या कॅटलॉगमध्ये टांकसाळींच्या यादीत सुरत आहे, बुऱ्हाणपूर आहे, दौलताबाद आहे, आणि फतेहाबाद धारूरसुद्धा आहे! लहानपणी ज्या किल्ल्यावर शाळेची सहल जायची, जिथे आम्ही डबे खाऊन भिंतीवर नावं लिहायचो (माफ करा), त्या गावाच्या नावाने रुपये पडत होते. सुरतेला उतरलेली चांदी दख्खनेत फौजांचे पगार म्हणून यायची. त्यातला एखादा कण पोटोसीचा नसेल, हेच उलट अवघड.

पोटोसीबद्दल थोडं सांगायलाच हवं. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंची. सुरुवातीची चांगली खनिजं संपल्यावर पाऱ्याने चांदी वेगळी काढायची पद्धत आली आणि माणसं कमी पडायला लागली. तेव्हा १५७० च्या दशकात तोलेदो नावाच्या व्हाइसरॉयने 'मिता' नावाची वेठ लावली. आजूबाजूच्या प्रांतांतल्या दर सात पुरुषांपैकी एकाने पाळीपाळीने वर्षभर खाणीत यायचं. दरवर्षी तेरा हजारांच्या वर माणसं. माणूस एकटा जायचा नाही. बायको, पोरं, जनावरं घेऊन अख्खी कुटुंबं डोंगराकडे चालत निघायची आणि मागे गावं ओस पडायची.

हे वाचताना मी थांबलो. कारण बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे दृश्य वाचून कळत नाही, ते त्याने बघितलेलं असतं. दसरा झाला की आमच्याकडे ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि एखादं कुत्रं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर शाळेत नसायची. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. इकडे राजाचा हुकूम नाही, कागदावर तरी सगळं राजीखुशीने आहे. पण उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी परत जावंच लागतं, हे मी शेजारच्या घरात बघितलंय. रियालाच्या चकचकीत फोटोंखाली 'देखणं नाणं' असं लिहिताना माझा हात आता जरा अडखळतो.

मूळ मुद्द्यावर येतो. गाडगं निघालं होतं ते काही मला इतिहास शिकवायला नव्हे. ताईला मुलगा झाला होता आणि बारशाला आजोळकडून वाळे आणि बिंदल्या जायच्या होत्या. आजीने जाहीर केलं, की हे रुपये मोडायचे.

मी अर्थातच विरोध केला. आजी, ही नाणी आहेत, पुन्हा मिळणार नाहीत. वाळे मी पुण्याहून आणतो, बीआयएस हॉलमार्कवाले, घुंगरं असलेले, हवे तसे. अण्णा मध्ये पडले नाहीत. ते अशा वेळी नेहमी गोठ्यात जातात.

आजी म्हणाली, "तुझ्या पैशाचे नकोत. माझ्या चांदीचे पाहिजेत."

मी म्हटलं, अगं पण उरलेत तरी किती, अकरा! तर म्हणाली, "शंभराच्या वर होते." आणि मग तिने बहात्तर सालचं सांगितलं, जे मी तोपर्यंत कधी विचारलंच नव्हतं. सासूने मरताना फडकं तिच्या हातात दिलं होतं. आधी वीस गेले, बैलांच्या कडब्याला. बैल तरीही राहिले नाहीत. मग ज्वारीला गेले. मग ती आणि आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले, तिथे सुकडी मिळायची, आणि रेशनवर लाल मिलो. मिलोची भाकरी थापता येत नव्हती, हे सांगताना तिला अजून राग येतो. सोनाराकडे रुपये काट्यावर जायचे. चारमिनार काय आणि जॉर्ज काय, सगळं वजनावर.

"दुष्काळात खायाला ठिवलेले असतेत ते. बघायला न्हाई."

यावर मी काय बोलणार? मिलो अमेरिकेतून आलेला होता, आणि त्यासाठी मोडलेल्या कलदारांतली काही चांदीसुद्धा तिथलीच असू शकते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांचा इतका तुटवडा पडला, की १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने आपले २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांना विकली, इथे रुपये पाडायला. म्हणजे ज्या रियालापासून डॉलर झाला, त्या डॉलरचा रुपया, त्या रुपयाची ज्वारी. हे मी आजीला सांगितलं नाही. सांगून तिला काय करायचं होतं?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सोनारकाकांकडे गेलो. जाण्याआधी मी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, वजनं लिहून घेतली, हिजरी सालं लावली. सगळी अगदी सर्वसाधारण सालं, दुर्मिळ एकही नाही. तशी असती तर भांडायला जोर आला असता. सध्या चांदी किलोला लाखाच्या कधीच पुढे गेली आहे, त्यामुळे काका म्हणाले की रोज कुणी ना कुणी असं फडकं घेऊन येतंय.

काकांनी हाली आणि कलदार वेगळे केले. "हालीत तांबं जास्त, घट धरावी लागंल," असं त्यांनी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "म्हाईत हाय." मूस तापली, टाकणखार पडला, एकेक रुपया आत गेला. मला वाटलं होतं एकदम वितळतील. तसं होत नाही. आधी लाल होतात, चारमिनार उलट जास्त स्पष्ट दिसायला लागतो, कमानीतला ऐनसुद्धा. मग कडा ओलसर होतात. आणि मग एका क्षणी नाणं नसतंच, नुसता थेंब असतो, आरशासारखा. चारशे वर्षांपूर्वी सुरतेला कार्लोसच्या पूर्वजांचं हेच झालं असणार. आजी पदराने वारा घेत बघत होती. तिला काही वाटत असेल तर तिने दाखवलं नाही. मी मात्र दोनदा बाहेर जाऊन आलो.

लगड ओतून झाल्यावर मी माझा नकली रियाल पुढे केला. गंमत म्हणून. काकांनी तो हातही न लावता परत ढकलला. म्हणाले, "ह्यो मुशीत गेला तर बाकीचं बी खराब करील." तो आता ऑफिसच्या डेस्कवर असतो. कुणी विचारलं तर १७६५ ची गोष्ट सांगतो.

अकरावा, झिजलेला रुपया आजीने काट्यावर ठेवूच दिला नाही. माझ्या हातात दिला. कडा दात्यांच्या नाहीत, जराशा वेड्यावाकड्या, म्हणजे यंत्रावरचा नसावा, हाताने पाडलेला असावा. पुण्यात आल्यावर पुन्हा ग्लास, दोरा, काटा. वजन ११.२१ ग्रॅम. घनता १०.४, म्हणजे तांबं जेमतेमच. भिंगाखाली एका बाजूला दोन आडव्या रेषा दिसतात, त्या फारसी अक्षराच्या असाव्यात. तिरपा उजेड टाकून चाळीस-पन्नास फोटो काढलेत. 'फतेहाबाद'मधला 'फे' शोधतोय. अजून लागलेला नाही.